अगेन्स्ट म्हणजे फक्त ‘विरुद्ध’ नाही: या भागाचा लेखी मजकूर

ज्यांना इयरफोन घालून पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकलाय पण उदाहरणं जपून ठेवायची आहेत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना मी जिथे अडखळले आणि जिथे लागोपाठ चार वेळा ‘म्हणजे बघा’ म्हणाले, तिथे कात्री लावलीय. बाकी जसं बोलले तसंच.

आजचा शब्द अगदी सोपा आहे. पाचवीपासून आपल्याला माहीत असलेला. अगेन्स्ट. अर्थ विचारला तर कुणीही झोपेतसुद्धा सांगेल, ‘विरुद्ध’. बरोबर आहे, पण अर्धंच. आणि उरलेलं अर्धं माहीत नसलं की काय होतं, त्याचे माझ्याच घरातले दोन किस्से आधी सांगते.

किस्सा पहिला: बाबा आणि बँकेचं पत्र

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी गंगापूर रोडच्या आमच्या घरी लॅपटॉप उघडून काम करत बसले होते. बाबा एक पाकीट घेऊन आत आले. चेहरा उतरलेला.

“अगं, हे जरा वाच. बँकेने आपल्या घराच्या विरुद्ध काहीतरी काढलंय.”

मी पाहिलं तर ती साधी जाहिरात होती. वर मोठ्या अक्षरांत ‘लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी’. बाबांनी शाळेत पाठ केलेला अर्थ इमानदारीने लावला होता. अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध, प्रॉपर्टी म्हणजे घर. म्हणजे घराविरुद्ध कर्ज. म्हणजे नोटीस! त्यांनी ते पत्र दोन दिवस कपाटात ठेवलं होतं आणि आईलाही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, “बाबा, ही केस नाहीये. घर तारण ठेवलंत तर कर्ज देऊ, एवढंच म्हणतायत.”

“मग सरळ तारण म्हणायचं ना!” बाबा म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.

मी हसले. पण मग माझाच दुसरा किस्सा आठवला आणि हसू थांबलं.

किस्सा दुसरा: मी आणि ती मीटिंग

माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी एक रिलीज करायचं ठरत होतं. रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरमधले नवे बदल ग्राहकांपर्यंत पोचवणं. मला त्यात एक चूक दिसत होती. जुन्या ग्राहकांची बिलं दोनदा तयार झाली असती. बारावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात, पुढे बीटेक इंग्रजीत, पण भर मीटिंगमध्ये इंग्रजीत आक्षेप घ्यायची ती पहिलीच वेळ. मनात मराठी वाक्य तयार होतं, ‘या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही.’ तोंडातून बाहेर आलं ते असं: “सर, आय ॲम अगेन्स्ट यू.”

कॉलवर सगळे गप्प. आमचे लीड म्हणाले, “ओके, नोटेड.” रिलीज झालं. सोमवारी मॅनेजरने बाजूला घेऊन मला टीमवर्क समजावून सांगितलं. बिलं दोनदा गेली, ती निस्तरायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात कुणालाही आठवलं नाही की ही चूक मी आधी सांगितली होती. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की ही मुलगी लीडच्या विरोधात आहे.

त्यानंतर सहा महिने मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असणार. मुद्दा असतो, अभ्यास असतो, पण ‘नाही’ म्हणायला इंग्रजीत एकच शब्द येतो, तो तलवारीसारखा वाटतो, मग आपण गप्प बसतो. आजचा भाग त्यासाठी आहे.

शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत एक शब्द होता, साधारण ‘ऑनगेअन’ असा. अर्थ: समोर, समोरच्या दिशेने. त्याचंच पुढे ‘अगेन’ झालं. हो, तेच अगेन, ज्याचा अर्थ आज आपण ‘पुन्हा’ असा करतो. ‘पुन्हा’ हा अर्थ नंतर आला. मूळ अर्थ समोर, उलट दिशेला तोंड करून. या अगेनला मागे स जोडला गेला, मग आणखी एक ट चिकटला, आणि झालं अगेन्स्ट. ‘अमंग’चं ‘अमंगस्ट’ झालं, तसंच. जर्मन शिकणाऱ्यांना ‘गेगेन’ माहीत असेल. तो याचाच भाऊ.

म्हणजे या शब्दाच्या पोटात भांडण नाही. दोन गोष्टी समोरासमोर आहेत, किंवा एकमेकींना भिडल्या आहेत, एवढंच चित्र आहे. समोर आलेले कधी भांडतात, कधी एकमेकांना टेकून उभे राहतात, कधी त्यांची तुलना होते. अगेन्स्टचे सगळे अर्थ या एका चित्रातून निघतात.

आता आपला ‘विरुद्ध’ बघा. हा संस्कृतातला, वि अधिक रुध्. रुध् म्हणजे अडवणे. याच रुध् पासून अवरोध, निरोध, विरोध. आणि गंगापूर रोडवरून रोज गाडी चालवताना ज्याच्यावर आपण आदळतो तो गतिरोधकही! ‘पुढे गतिरोधक आहे’ अशी पाटी दिसली की आठवा, विरोध आणि गतिरोधक एकाच घरातले.

फरक लक्षात आला? इंग्रजी शब्दाचं मूळ चित्र आहे समोर असणं. मराठी शब्दाचं मूळ चित्र आहे अडवणं. म्हणून दर वेळी अगेन्स्टच्या जागी ‘विरुद्ध’ ठेवलं की, जिथे दोन गोष्टी नुसत्या समोरासमोर आहेत तिथेही आपल्याला अडथळा दिसायला लागतो. बाबांचं नेमकं तेच झालं.

अगेन्स्टचे अर्थ, एकेक करून

आता पटापट जाऊ. पाठ करू नका, चित्र डोळ्यासमोर आणा.

एक, विरोध. हा माहीत असलेला. ‘शी व्होटेड अगेन्स्ट द प्रपोजल’, तिने प्रस्तावाच्या विरोधात मत दिलं. याची जोडी ‘फॉर’शी. सोसायटीच्या ग्रुपवर पोल येतो ना, फॉर की अगेन्स्ट, म्हणजे बाजूने की विरोधात. तिथे प्रश्न नीट वाचा. ‘झाड तोडू नये’ असा प्रस्ताव असेल तर अगेन्स्ट दाबल्यावर तुमचं मत झाड तोडण्याच्या बाजूने जातं!

दोन, स्पर्धा. ‘इंडिया प्लेड अगेन्स्ट ऑस्ट्रेलिया.’ इथे आपण विरुद्ध म्हणतोच.

तीन, टेकणं. ‘शी लीन्ड अगेन्स्ट द वॉल’, ती भिंतीला टेकून उभी राहिली. भिंतीशी तिचं काही वैर नाही. ‘रेन वॉज बीटिंग अगेन्स्ट द विंडो’, पाऊस खिडकीवर आपटत होता.

चार, उलट दिशा. ‘अगेन्स्ट द करंट’, प्रवाहाविरुद्ध. नाशिककरांना हे सगळ्यात सोपं. अशोकस्तंभाकडून गंगापूर रोडला लागा. केटीएचएम कॉलेज मागे टाकून, जेहान सर्कल, आनंदवल्ली करत सोमेश्वरकडे निघा. तुमच्या उजव्या हाताला गोदावरी धरणाकडून पंचवटीकडे येतेय आणि तुम्ही धरणाकडे निघालाय. तुम्ही सगळा वेळ नदीच्या उलट, अगेन्स्ट द रिव्हर, चाललाय. आणि नदीशी तुमचं भांडण नाही, उलट तुम्ही तिला भेटायलाच निघालाय!

पाच, संरक्षण. ‘व्हॅक्सिन अगेन्स्ट पोलिओ’. मराठीत आपण ‘पोलिओविरुद्ध लस’ फारसं म्हणत नाही, पोलिओ प्रतिबंधक लस म्हणतो. ‘इन्शुरन्स अगेन्स्ट फायर’ म्हणजे आगीचा विमा.

सहा, तुलना. ‘रुपी फेल अगेन्स्ट द डॉलर’, डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला. दोघं समोरासमोर ठेवून मोजले.

सात, पार्श्वभूमी. ‘द हिल लुक्ड ब्लॅक अगेन्स्ट द ईव्हनिंग स्काय’, संध्याकाळच्या आभाळावर डोंगर काळा दिसत होता. फोटो काढणाऱ्यांना हा अगेन्स्ट रोज लागतो.

आठ, तारण किंवा मोबदला. ‘लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी’, मालमत्ता तारण कर्ज. ‘लोन अगेन्स्ट गोल्ड’, सोनेतारण कर्ज. एका पारड्यात कर्ज, समोरच्या पारड्यात घर किंवा दागिने. बाबांचं म्हणणं खरंच आहे, तारण हा आपला शब्द जास्त स्वच्छ आहे. पण पत्रातली बारीक अक्षरं वाचा हेही सांगते. कर्ज फिटलं नाही तर समोरच्या पारड्यातलं घर जाऊ शकतं. तेवढ्यापुरती बाबांची भीती वेडी नव्हती.

नऊ, नोंद. ‘पुट अ टिक अगेन्स्ट युअर नेम’, आपल्या नावासमोर खूण करा. बघा, इथे मराठीत आपोआप ‘समोर’ आलं.

आणि दहावा आमच्या धंद्यातला. ‘रन द टेस्ट्स अगेन्स्ट द न्यू सर्व्हर.’ म्हणजे चाचण्या नव्या सर्व्हरवर चालवा, त्याच्याशी ताडून बघा. नवीन लागलेल्या मुलांना वाटतं सर्व्हरवर हल्ला करायचाय. नाही रे बाबांनो, फक्त ताडून बघायचंय.

समोर आणि विरोध: हे फक्त इंग्रजीत नाही

मला या सगळ्यात मजा आली ती इथे. समोर आणि विरोध यांची जोडी किती भाषांत सापडते बघा.

क्रिकेटचं ‘व्हर्सस’ लॅटिनमधून आलं. मूळ अर्थ: च्याकडे वळलेला. कोर्टात आपण ‘केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य’ म्हणतो, तो १९७३ चा गाजलेला निकाल. इंग्रजी नावात तिथे नुसता ‘व्ही’ असतो, तो याच व्हर्ससचा.

‘अपोज’ हेही लॅटिन, मूळ अर्थ समोर ठेवणे. त्याचाच भाऊ ‘ऑपोझिट’. गंगापूर रोडवरच्या दुकानांच्या पाट्यांवर पत्त्यात लिहिलेलं असतं ना, ऑपोझिट अमुक कॉलेज? ते दुकान कॉलेजच्या विरोधात नाही, समोर आहे.

ग्रीकमधून आलेल्या ‘अँटी’चाही जुना अर्थ समोर असाच होता. संस्कृतात त्याचा नातलग आहे ‘अन्ति’, म्हणजे समोर, जवळ.

आणि आपला ‘प्रति’! संस्कृतात प्रति म्हणजे ‘च्याकडे’ही आणि ‘च्या उलट’ही. म्हणून प्रतिसाद देणारा आपला माणूस असतो आणि प्रतिकार करणारा विरोधक. कोर्टातला प्रतिवादीही त्याच प्रतिचा.

अजून एक. मराठीत आपण म्हणतो, तिच्याशी बोललो, तिच्याशी लग्न केलं, तिच्याशी भांडलो. तिन्हीकडे तोच ‘शी’. इंग्रजी ‘विथ’चंही असंच. जुन्या इंग्रजीत विथचा अर्थ चक्क ‘विरुद्ध’ होता. ‘विथस्टँड’मध्ये तो अजून टिकून आहे. म्हणूनच ‘आय फॉट विथ हिम’ ऐकलं की कळत नाही, त्याच्याशी लढला की त्याच्या बाजूने लढला! अशा ठिकाणी नक्की सांगायचं असेल तर अगेन्स्ट वापरा.

आणि मराठीत संकटाशी झुंजणं याला काय म्हणतात? तोंड देणं. पाठ फिरवणं म्हणजे माघार, तोंड देणं म्हणजे सामना. सामना या शब्दातही समोर येणंच आहे.

समानार्थी शब्द: सगळे सारखे नाहीत

परीक्षेत समानार्थी म्हणून एका रांगेत लिहितो ते शब्द वापरताना वेगळे पडतात.

‘डिसअग्री विथ’, सहमत नाही. सगळ्यात साधा, रोजच्या वापराचा.

‘ऑब्जेक्ट टू’, आक्षेप घेणे. मूळ अर्थ समोर टाकणे. मीटिंगमध्ये एखादा मुद्दा टेबलावर टाकायचा असेल तर हा.

‘अपोज’, विरोध करणे. जरा औपचारिक. संसदेतली ‘ऑपोझिशन’ याच कुटुंबातली. लोकसभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी बसतात, डाव्या हाताला विरोधक. गंमत म्हणजे विरोधी पक्षनेत्याला पगार आणि भत्ते सरकारी तिजोरीतूनच मिळतात, त्यासाठी १९७७ चा कायदा आहे. सरकारला प्रश्न विचारायला समोर कुणीतरी असणं हे सरकारचंच काम आहे, असं आपल्या लोकशाहीने मानलंय.

‘रेझिस्ट’, प्रतिकार करणे, दबावाखाली न हलणे. यात उभं राहण्याचा अर्थ आहे.

‘प्रोटेस्ट’, निषेध करणे. याचं मूळ मला सगळ्यात आवडतं, कारण लॅटिनमध्ये ते साक्ष देण्याशी जोडलेलं आहे. मला जे खरं वाटतं ते मी चारचौघांत सांगतेय.

‘कॉन्ट्ररी टू’, च्या उलट. हे मतांसाठी किंवा समजुतींसाठी, माणसांसाठी नाही.

आता व्याकरणाच्या चार चुका, ज्या मी स्वतः केल्या आहेत. अगेन्स्ट हे क्रियापद नाही, म्हणून ‘आय अगेन्स्ट धिस’ चूक, ‘आय ॲम अगेन्स्ट धिस’ बरोबर. ‘अपोज’नंतर अगेन्स्ट लावायचं नाही. नुसतं ‘आय अपोज धिस प्लॅन’. अगेन्स्टनंतर ‘टू’ येत नाही, म्हणून ‘अगेन्स्ट टू कट ट्रीज’ नव्हे, ‘अगेन्स्ट कटिंग ट्रीज’. आणि तक्रार माणसाची असेल तर ‘कम्प्लेंट अगेन्स्ट’, वस्तूची किंवा सेवेची असेल तर ‘कम्प्लेंट अबाउट’.

ही चौथी चूक नुसती व्याकरणाची नाही. माझ्या मीटिंगमध्येही मूळ चूक तीच होती. मला विरोध करायचा होता रिलीजच्या वेळेला, आणि मी अगेन्स्टनंतर ठेवला माणूस. म्हणून अगेन्स्ट तोंडात आलं की आधी स्वतःला विचारायचं, कुणाच्या की कशाच्या?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या नाशिकमध्येच घडलंय. त्यासाठी गंगापूर रोडवरून अशोकस्तंभाला यायचं आणि गोदावरी ओलांडून पंचवटीत जायचं.

काळाराम मंदिराचे चार दरवाजे

२ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळात पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं, असे हे लोक. मागणी एकच, आम्हालाही आत जाऊन दर्शन घेऊ द्या. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली आणि शांततेने सत्याग्रह करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया. स्थानिक पातळीवर हा लढा उभा करणाऱ्यांत पुढे होते दिंडोरी तालुक्यातले भाऊराव गायकवाड, ज्यांना आपण कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हणून ओळखतो.

आता शब्द लावून बघा. हे लोक कुणाच्या अगेन्स्ट होते? रामाच्या? ते तर रामाच्या दर्शनाला आले होते. देवळाच्या? त्यांना त्याच देवळात जायचं होतं. ते अगेन्स्ट होते बंद दरवाजाच्या आणि तो बंद ठेवणाऱ्या प्रथेच्या. आणि आपले दोन्ही शब्द तिथे वेगवेगळ्या बाजूंना उभे दिसतात. अडवत होतं कोण? दरवाजा. रोध तिकडून होता. बाहेर बसलेले फक्त समोर होते, तोंड देवाकडे करून. तरी त्यांनाच विरोधक म्हटलं गेलं.

एप्रिलमध्ये रामाच्या रथयात्रेला दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा, असा समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही. रथ आधीच पळवला गेला, दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले. तरीही लढा थांबून थांबून पुढची काही वर्षं चालू राहिला. अनेकांनी तुरुंग भोगला.

३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: हा सत्याग्रह मूर्तिपूजा करता यावी म्हणून नव्हता, आणि देवळात गेल्याने बरोबरी मिळेल असंही मला वाटत नव्हतं. आपल्या लोकांना जागं करायचं आणि आपल्या स्थितीची जाणीव करून द्यायची, यासाठी हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटला. आता ते काम झालंय, यापुढे ताकद राजकारण आणि शिक्षण यांवर लावावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला, त्यांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

मी शाळेत हे सगळं दोन ओळींत शिकले होते, सन आणि ठिकाण. शब्दांच्या मागे लागल्यावर मला त्यातलं वेगळं काही दिसलं. समोर बसून राहणं ही सुद्धा एक प्रकारची आशा असते. समोरचा दार उघडेल असं वाटत असतं तोवर माणूस तोंड देऊन बसतो. येवल्याची घोषणा त्यापुढची होती. तिथे तोंड दुसरीकडे वळवलं गेलं, आणि ती माघार नव्हती.

मंदिर प्रवेशाचा मुंबई प्रांताचा कायदा १९४७ मध्ये आला. मग राज्यघटना आली, जिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. तिच्या इंग्रजी मजकुरात पंधराव्या अनुच्छेदात आजचा आपला शब्द आहे. ‘डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट’. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून राज्याने कोणत्याही नागरिकाला भेदभावाची वागणूक द्यायची नाही, असं तो अनुच्छेद सांगतो. दरवाजाबाहेर बसलेल्या लोकांना ज्याचा मार बसला होता, तो अगेन्स्ट घटनेत लिहून मग मना केला गेला.

उद्याच्या मीटिंगसाठी शिडी

आता एवढ्या मोठ्या गोष्टीवरून ऑफिसच्या मीटिंगवर उडी मारणं थोडं विचित्र वाटेल. पण प्रश्न तोच आहे, कुणाच्या की कशाच्या. म्हणून ही छोटी शिडी घेऊन जा. सौम्य पायरीपासून ठाम पायरीपर्यंत.

पहिली पायरी: ‘आय हॅव अ कन्सर्न अबाउट धिस रिलीज.’ मला या रिलीजबद्दल एक शंका आहे.

दुसरी: ‘आय डोंट अग्री विथ धिस अप्रोच.’ ही पद्धत मला पटत नाही.

तिसरी: ‘आय ऑब्जेक्ट टू रिलीझिंग धिस टुडे.’ आज रिलीज करायला माझा आक्षेप आहे.

चौथी: ‘आय ॲम अगेन्स्ट रिलीझिंग धिस टुडे, बिकॉज द बिल्स विल गो आउट ट्वाइस.’ मी आज रिलीज करण्याच्या विरोधात आहे, कारण बिलं दोनदा जातील.

चौथ्या पायरीवर अगेन्स्ट आहेच, बघा. शब्द टाळायचा नाहीये. फक्त त्याच्यानंतर माणूस ठेवायचा नाही, काम ठेवायचं, आणि लगेच ‘बिकॉज’. हे वाक्य मी त्या शुक्रवारी बोलले असते तर बिलं वाचली असती की नाही, सांगता येत नाही. पण सोमवारी निदान लोकांना बिलं आठवली असती.

आणि एक. ठामपणे विरोध करायची वेळ येते तेव्हा पहिल्याच पायरीवर घुटमळूही नका. समोर धडधडीत चूक किंवा अन्याय दिसत असताना ‘छोटीशी शंका आहे’ म्हणणं हा नम्रपणा नाही. शिडी चढण्यासाठी असते.

सहा महिने गप्प राहिल्यावर मी पुन्हा पहिल्यांदा बोलले ते पहिल्या पायरीवरूनच. आवाज थरथरत होता. पण एक सिनियर म्हणाले, “गुड पॉइंट, कॅरी ऑन.” आता मी चौथ्या पायरीवरूनही बोलते.

बाबांचं काय झालं? त्यांनी ते पत्र फाडलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी केली आणि ती मला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘प्रत्येक वस्तूच्या अगेन्स्ट भाव लिहून आण.’ वापर शंभर टक्के बरोबर!

तुम्ही कधी अगेन्स्टमुळे फसलात का, किंवा एखाद्या मीटिंगमध्ये शब्द न सापडल्यामुळे गप्प बसलात का? मला व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा, निवडक किस्से पुढच्या भागात घेऊ. पुढचा शब्द आहे ‘फाइन’, ज्याचा अर्थ ‘छान’ही होतो आणि ‘दंड’ही. तोवर काळजी घ्या, आणि गतिरोधक दिसला की गाडी हळू करा!